सुटत का नाही? : व्यसनाविषयी दोन बाजूंचा संवाद

नुकसान समोर दिसत असूनही एखादा पदार्थ किंवा एखादी कृती थांबवता न येणे, याला व्यसन म्हणतात. दारू, तंबाखू, गांजा, चरस, ब्राउन शुगर, झोपेच्या गोळ्या हे त्यातले पदार्थ. मटका, पैसे लावून खेळायची रमी, मोबाइलवरचे खेळ या त्यातल्या कृती. इथवर सगळ्यांचे एकमत असते. मतभेद सुरू होतो तो ‘थांबवता न येणे’ या तीन शब्दांपाशी. एक बाजू म्हणते, माणूस थांबवू शकतो पण थांबवत नाही. प्रश्न निग्रहाचा आणि संस्काराचा आहे. दुसरी बाजू म्हणते, थांबवण्याची ताकदच दुबळी झालेली असते. प्रश्न उपचाराचा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात ही दोन्ही मते शेजारी शेजारी नांदतात. दारू सोडायची तर ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून शपथ घ्यायची किंवा पंढरीची माळ घालायची, ही गावोगावची जुनी रीत. त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी १८८६ साली सुरू झालेले मनोरुग्णालय आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. पुढील संवादातली पहिली बाजू एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाची, म्हणजे गावाच्या गुरुजींची आहे. दुसरी व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या समुपदेशक ताईंची. दोघेही प्रातिनिधिक आहेत, त्यांचे मुद्दे मात्र घरोघरी ऐकू येणारे आहेत.

सवय कुठे संपते

गुरुजी : ताई, आमच्या लहानपणी माडी पिणारे पुष्कळ होते. भंडारी माडावर चढायचा, मडकं उतरवायचा, चार माणसं बसायची, उठून घरी जायची. आता ज्याला त्याला तुम्ही पेशंट म्हणता. मला चहाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. मग मीही व्यसनीच म्हणायचा!

ताई : नाही गुरुजी. रोज घेतो म्हणून व्यसनी, असा हिशेब नसतो. चहा नाही मिळाला तर तुमचं डोकं दुखेल, चिडचिड होईल. पण चहासाठी तुम्ही बायकोच्या डब्यातले पैसे काढणार नाही, की चहापायी कधी शाळा बुडवली नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पदार्थावरचे अवलंबित्व ओळखायला तिने तीन खुणा दिल्या आहेत. पहिली, ताबा सुटणे : कधी, किती, कुठे घ्यायचे हे ठरवूनही पाळता न येणे. दुसरी, अग्रक्रम बदलणे : काम, घर, तब्येत मागे पडून पदार्थच पहिल्या जागी येणे. तिसरी, शरीराची साक्ष : तेवढाच परिणाम मिळवायला मात्रा वाढवावी लागणे, किंवा बंद केल्यावर त्रास होणे. यांपैकी दोन खुणा, सहसा वर्षभराच्या काळात, दिसल्या तर त्याला अवलंबित्व म्हणतात. किती घेतो हा प्रश्न या यादीत पहिला नाही. ठरवलेले पाळता येते का, हा पहिला आहे.

गुरुजी : मग मशेरी कुठे बसवाल? आमच्याकडे आजीपासून सगळ्या बायका मशेरी लावायच्या. त्यांना कोणी व्यसनी म्हटलं नाही.

ताई : कोणी म्हटलं नाही, कारण त्या घरात गोंधळ घालत नव्हत्या. पण सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं त्याच सांगायच्या ना? ते खरंच असतं. निकोटिननं आतड्यांची हालचाल वाढते आणि शरीर त्या धक्क्यावर विसंबून राहतं. डबी संपली की भर पावसात दुकानात मूल धाडायचं, ही पहिल्या जागेचीच खूण झाली.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. बोटावर घेऊन ती दातांना, हिरड्यांना चोळतात आणि बराच वेळ तोंडात ठेवतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया १.४ टक्के आढळल्या, पण बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ६ आणि ३१.७ टक्के होते. मुंबईत झालेल्या एका अभ्यासात गरोदरपणी तंबाखू-मशेरी वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने कमी भरले. व्यसन कशाला म्हणायचे हे समाज बहुतेकदा गोंगाटावरून ठरवतो, हानीवरून नव्हे. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. घरच्या तव्यावरची मशेरी कोणाच्या नजरेत आली नाही.

मेंदूत काय घडते

गुरुजी : बरं, ताबा सुटतो म्हणता. पण सुटतो म्हणजे काय? हात तर त्याचाच असतो. दुकानापर्यंत पायही तोच नेतो.

ताई : पाय तोच नेतो, पण पायांना हुकूम देणारी जागा बदललेली असते.

या जागेचा पहिला ठळक सुगावा १९५४ साली लागला. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूतल्या ठरावीक भागात विजेची बारीक तार बसवली. कळ दाबली की तिथे सौम्य झटका मिळे. उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत राहिले. ‘हे पुन्हा कर’ असे शिकवणारी एक यंत्रणा मेंदूत असते, हे त्यातून दिसले. अन्न, समागम, आपल्या माणसांचा सहवास अशा जगायला लागणाऱ्या गोष्टींकडे वळवणे हे तिचे मूळ काम. डोपामिन हे तिचे मुख्य रसायन. दारू, निकोटिन, अफूजन्य पदार्थ निरनिराळ्या वाटांनी याच यंत्रणेत डोपामिन वाढवतात, आणि नैसर्गिक सुखापेक्षा झटपट वाढवतात.

पुढच्या संशोधनाने आणखी एक बारकावा पुढे आणला. डोपामिन हे सुखाचे रसायन नाही, ते मुख्यतः ओढीचे आहे. ‘आवडणे’ आणि ‘हवे असणे’ या मेंदूत दोन वेगळ्या क्रिया आहेत, असे टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ साली मांडले. व्यसन मुरते तसे आवडणे ओसरते, पण हवे असणे वाढतच जाते. दारूत आता काही मजा राहिली नाही, असे शपथेवर सांगणारा माणूस संध्याकाळी पुन्हा पिऊन येतो. तो खोटे बोलत नसतो.

ओढ जागी करायला पदार्थ तोंडात पडावा लागत नाही, खूण पुरते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर लागतो, मासळी उतरते, लिलाव होतो, हिशेबाचे पैसे हातात येतात. ज्या खलाशाच्या डोक्यात पैसे आणि बाटली यांची गाठ वर्षानुवर्षे बसली आहे, त्याची ओढ नोटा मोजतानाच चढू लागते. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग अशा ओढीला आवर घालतो. दीर्घ व्यसनात त्याचा वचक कमी होतो, आणि दारू तर प्रत्यक्ष पोटात असतानाही तो ढिला करते.

गुरुजी : हे पटण्यासारखं आहे. पण शाळेत पोरांनी पाढे पाठ केले तरी मेंदू बदलतोच की. बदल झाला म्हणून तो आजार कसा? ते शिकणंच झालं, वाईट गोष्टीचं.

ताई : शिकणंच आहे, तुमचं बरोबर आहे. शास्त्रज्ञांतही काही जण नेमकं हेच म्हणतात. पण पाढे विसरले म्हणून कोणाला झटके येत नाहीत. हे शिकणं शरीरात उतरतं, झोप, रक्तदाब, हातांची थरथर सगळ्यांत शिरतं. आणि ज्या भागानं ‘नको’ म्हणायचं तोच कच्चा होतो. म्हणून नुसतं ‘मनावर घे’ म्हणून भागत नाही.

सगळ्यांनाच का लागत नाही

गुरुजी : एका पंक्तीला बसलेल्या दहा जणांपैकी एक-दोघेच वाया जातात. पदार्थ तोच, देश-काळ तोच. मग फरक माणसात नाही तर कशात?

ताई : फरक माणसात आहेच. फक्त तो सगळाच्या सगळा त्याच्या चारित्र्यातला नाही.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक, दारू पितात. त्यांतले अवलंबित सुमारे २.९ कोटी. म्हणजे पिणाऱ्या साधारण साडेपाच जणांमागे एक. हा एक कोण असेल, ते ठरवणाऱ्या गोष्टींत आनुवंशिकतेचा वाटा जवळपास निम्मा असल्याचे जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून दिसते. उरलेला वाटा सुरुवातीचे वय, लहानपणचे आघात, नैराश्य किंवा चिंतेचा आजार, सोबत आणि पदार्थ किती सहज मिळतो यांचा. मेंदूचा आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. त्यामुळे चौदाव्या-पंधराव्या वर्षी हाती आलेली बाटली तिशीत आलेल्या बाटलीपेक्षा अधिक धोक्याची.

परिस्थितीचे वजन किती असते, याचा दाखला व्हिएतनाम युद्धातून मिळतो. तिथल्या अमेरिकी सैनिकांमध्ये हेरॉइनचा सुळसुळाट होता. १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. साधारण पाचांतला एक तिथे व्यसनाधीन झाला होता. पण त्यांच्यातले पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले अवघे ५ टक्क्यांच्या आसपास निघाले.

गुरुजी : बघा! सुटतंच ना मग? दवाखान्यावाचून सुटतं.

ताई : पुष्कळांचं सुटतं, हे मी नाकारत नाही. पण त्यांचं काय सुटलं ते बघा. युद्ध सुटलं, ती छावणी सुटली, ते सोबती सुटले, स्वस्त हेरॉइन सुटलं. आपला माणूस दवाखान्यातून सुटतो आणि त्याच एसटीनं, त्याच तिठ्यावर, त्याच दुकानासमोर उतरतो.

गुरुजी : आमच्या पिढीला हे राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ नाटकात सांगितलं होतं. पहिला प्याला घेऊच नये.

ताई : सांगितलंच आहे. पण त्याच नाटकात वकील सुधाकर दारूकडे वळतो तो कोर्टातल्या अपमानानंतर, सनद गेल्यावर. आणि मध्ये सोडायचं ठरवून तो काम मागत फिरतो, तेव्हा त्याला दारात कोणी उभं करत नाही. त्याचा दारुडा सोबती तळीराम एकटाच त्याला बुडवत नाही. प्रतिष्ठित मंडळीही हातभार लावतात.

१९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा उपदेश पहिल्या प्याल्याविषयीचा ठरला आणि तोच लोकांच्या लक्षात राहिला. शेवटच्या प्याल्यापर्यंत नेणारी माणसे आणि प्रसंगही गडकऱ्यांनी तितक्याच बारकाईने रंगवले आहेत.

पदार्थावाचून व्यसन

गुरुजी : दारूचं एक वेळ कळतं, ती रक्तात जाते. पण आकडा लावणाऱ्याच्या रक्तात काय जातं? तिथं तर नुसती हाव.

ताई : बाहेरून काही जात नाही. आतलं जे आहे तेच हलतं.

मटका या व्यवहाराची सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांच्या आकड्यांवर पैज लावण्यातून झाली. पुढे १९६० च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या काळात आकडे काढण्याची पद्धत आली आणि ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे शब्द चाकरमान्यांबरोबर कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर पोचले. जुगाराची पकड समजून घ्यायला बी. एफ. स्किनर यांचे प्रयोग उपयोगी पडतात. ठरावीक वेळा कळ दाबल्यावर हमखास दाणा मिळाला, तर प्राणी दाणे बंद होताच लवकर थांबतो. दाणा कधी तिसऱ्या, कधी तिसाव्या खेपेला, अंदाज न लागता मिळाला, तर तो दाणे बंद झाल्यावरही कळ दाबत राहतो. मटका, लॉटरी, मोबाइलवरची रमी यांची रचना नेमकी दुसऱ्या प्रकारची असते. एका घराने हुकलेला आकडा हा खरे तर पूर्ण हरलेला आकडा. मेंदू त्याला ‘जवळ आलो’ म्हणून नोंदवतो.

अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराचा विकार पदार्थांच्या व्यसनांसोबत एकाच प्रकरणात नेला. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराबरोबर डिजिटल खेळांचा विकारही मान्य केला. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

गुरुजी : मग आमची नातवंडं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. ती सगळी आजारीच?

ताई : सरसकट तसं म्हणू नका. मोबाइलचं व्यसन असा आजार अजून त्या यादीत नाही. खेळाचा आहे, आणि तोसुद्धा झोप, शाळा, जेवण, मैत्री सगळं मागे पडलं आणि सहसा वर्षभर तसंच चाललं तर. फार वेळ बघतो म्हणून रागवा, पण त्याच्यावर शिक्का मारू नका.

माळ, खोली आणि गोळी

गुरुजी : आता उपायाचं बोलू. आमच्या गावात माळ घालून सुटलेले मी स्वतः पाहिलेत. गोळी नाही, सुई नाही. आषाढीला पायी गेले, आले ते माळकरी होऊन.

ताई : माळेला मी नावं ठेवणार नाही. पण माळ काय काय करते ते मोजू. रोजची संध्याकाळ हरिपाठाला जाते, म्हणजे रिकामा वेळ भरला. सोबत बदलली. ‘मी माळकरी, मला चालत नाही’ म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. आणि चार जणांसमोर घातलेली असते, म्हणून तोडायची लाज वाटते. आम्ही गटात बसवून हेच करतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून उभी राहिली. तिची पद्धतही अशीच आहे : आपल्यासारख्यांची नियमित बैठक, उघड कबुली, आजच्यापुरता न पिण्याचा निश्चय. भजनी मंडळ आणि अशी बैठक यांच्या श्रद्धा निराळ्या असल्या तरी त्या माणसाला धरून ठेवण्याची त्यांची रीत सारखी आहे.

गुरुजी : आणि जे माळ घालत नाहीत त्यांना चार दिवस खोलीत कोंडावं. पाचव्या दिवशी उतरते.

ताई : हे मात्र करू नका, गुरुजी. यात माणूस जातो.

जुन्या आणि जबर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडणे, हा व्यसनमुक्तीतला सर्वांत धोक्याचा टप्पा आहे. दारू मेंदूला सतत मंद ठेवते. मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागा ठेवायला शिकतो. दारू अचानक गेली की तो जोर मोकाट सुटतो. पहिल्या दिवसातच हात इतके थरथरतात की कपातला चहा बशीत सांडतो. घाम फुटतो, झोप उडते. साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, दारात माणसे उभी दिसतात. पुष्कळदा रोगी आपल्या रोजच्या कामाचेच हातवारे करतो. खलाशी असेल तर पलंगावर बसून नसलेले जाळे ओढू लागतो. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते, आणि जो वेळ रुग्णालयात जायला हवा तो कौल लावण्यात जातो. उपचार न झाल्यास हा भ्रम जीवघेणा ठरू शकतो. रुग्णालयात मेंदूचा जोर शांत करणारी औषधे मोजून, हळूहळू कमी करत देतात. सोबत ब-१ जीवनसत्त्व देतात. त्याच्या अभावी मद्यपींची स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

दुसरा घातक घरगुती उपाय म्हणजे ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून आमटीत गोळी मिसळणे. डायसल्फिराम या औषधाचा गुण १९४८ साली डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी पुढे आणला. दारू यकृतात आधी अॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात बदलते आणि मग निरुपद्रवी होते. ही दुसरी पायरी डायसल्फिराम अडवते. त्यावर दारू पडली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे ठाऊक आहे त्याला ते भय उपयोगी पडते. ज्याला ठाऊकच नाही त्याच्यावर तो विषप्रयोग ठरतो. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही औषधे निराळ्या तऱ्हेने काम करतात. तंबाखूसाठी निकोटिनचा च्युइंगम किंवा चकती असते. सगळीच डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोग्याला सांगून घ्यायची.

पुन्हा घसरला तर

गुरुजी : इतकं करून महिन्यानं परत पितोच. मग सरकारचा पैसा, घरच्यांचा जीव, सगळं पाण्यात. आजार म्हटलं की त्याला निमित्त सापडतं : मी काय करू, मला आजार आहे!

ताई : निमित्त सापडतं, हे मीही पाहते. पण मधुमेह आहे म्हणून जिलबी खायची मुभा कोणी देत नाही. आजार म्हटल्यावर पथ्य त्याच्याच अंगावर येतं. साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला दवाखान्यातून हाकलत नाही, औषध-पथ्य पुन्हा बसवतो. इथंही तेच करायचं.

१९८० च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, मुंबई-पुण्यातल्या तरुणांत पसरली तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक मदत पुढे केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसवली ती मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. तिथल्या पद्धतीत तीन गोष्टी ठळक आहेत : सुमारे पाच आठवड्यांचा निवासी उपचार, बाहेर पडल्यावर वर्षानुवर्षे चालणारा पाठपुरावा, आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच कार्यकर्ते म्हणून सोबत घेणे. रोग्याच्या पत्नीसाठी वेगळे गट असतात, कारण घरही त्या आजाराभोवती वाकलेले असते. नवऱ्याची उधारी गुपचूप फेडणारी, ‘ताप आलाय’ म्हणून मालकाला निरोप देणारी बायको प्रेमापोटीच हे करते. पण त्यामुळे व्यसनाची किंमत पिणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

बाटली आणि गाव

गुरुजी : मग माझं एक तुम्हीही माना. दुकान समोर असेल तर तुमचं औषध कितपत पुरणार? आधी भट्टी फोडली पाहिजे.

ताई : मानते. मघाशी व्हिएतनामचं तेच तर बोललो. पण नुसती भट्टी फोडून ज्याचं शरीर दारूवर उभं आहे तो उद्या काय करेल, तेही बघावं लागेल.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे. त्यानुसार दारू पिण्यासाठी परवाना लागतो, एवढीच त्याची आठवण बहुतेकांना उरली आहे. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. गडचिरोलीत बंदीच्या जोडीला गावसंघटन, जागृती आणि उपचार असावेत म्हणून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम चालवला गेला. गावपातळीवर ‘आडवी बाटली’चे मतदान हा स्त्रियांच्या हातातला मार्ग आहे : गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले, तर परवान्याचे दुकान बंद होते. हातभट्टी मात्र परवान्यावर चालतच नाही. बंदीच्या आडोशाने किंवा स्वस्ताईपायी विषारी दारूचा धोका किती वाढतो, ते जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत दिसले. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तिथे शंभराहून अधिक माणसे दगावली.

किनाऱ्याचा प्रश्न आणखी निराळा. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यातल्या कर्दे, लाडघर, केळशी अशा किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहत येऊन लागली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात विक्रेत्याला कठोर शिक्षा आहे. पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमाने, स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण दिले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. म्हणजे कायद्याने दोन्ही बाजूंना जागा ठेवली आहे : पुरवठ्याला धाक, रोग्याला उपचार.

दोघांचा हिशेब

वाद पूर्ण मिटत नाही. व्यसनी माणसाने शेवटी स्वतःच ‘नको’ म्हणायचे असते, हे गुरुजींचे म्हणणे कायम राहते. तसे म्हणता यावे इतपत त्याचे शरीर आणि त्याची संध्याकाळ आधी सावरावी लागते, हे ताईंचे म्हणणेही कायम राहते. पण कामाच्या पातळीवर दोघांत फारसे अंतर उरत नाही. लागले कसे, यात माणसाचा दोष थोडा असतो आणि दैवाचा, घराचा, गावाचा वाटा बराच. सोडायची जबाबदारी मात्र त्याची असते, आणि ती त्याला पेलेल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी घराची, गावाची आणि सरकारची. निश्चयाने सुरुवात होते; टिकते ते सोबत, पथ्य आणि पाठपुराव्याने. लाज आणि मार यांनी व्यसन सुटत नाही, ते फक्त लपून चालू राहते.

२०१९ च्या त्याच सर्वेक्षणात आढळले की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांची घरे आपल्याच वाडीत, आपल्याच आळीत आहेत. अशा घरातल्या कोणालाही व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर किंवा मानसिक आरोग्याच्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, रोगी तयार नसेल तरी घरच्यांनी आधी फोन करावा. आणि जुन्या पिणाऱ्याने दारू तोडायचे ठरवले, तर माळ घालण्याआधी किंवा शपथ घेण्याआधी त्याला एकदा सरकारी रुग्णालयात दाखवून आणावे.